कात्रज ते भोर

शिळीमकरांनी कागद शेवटपर्यंत वाचला, होती तशी त्याची घडी घातली आणि ती चहाच्या बशीखाली सरकवली.

"हे जमणार नाही," ते म्हणाले.

भाग्यश्रीने वडिलांकडे पाहिलं. ज्ञानदेव सोफ्याच्या कडेला, गुडघ्यांवर पंजे ठेवून बसले होते आणि शिळीमकरांच्या ओठांकडे टक लावून पाहत होते. पण शिळीमकरांची मिशी दाट होती आणि बोलताना मान खाली घालायची त्यांना सवय होती. ज्ञानदेवांच्या हाती काही लागलं नसावं.

"हो, हो," ते म्हणाले. त्या लहानशा खोलीला झेपणार नाही इतक्या मोठ्याने.

हेमाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "चहा अगोड लागला तर सांगू नका," त्या म्हणाल्या. "आम्हा दोघांना डायबिटीस आहे. पाहुण्यांनाही तेच पथ्य."

कुणीच हसलं नाही. मग ज्ञानदेवांना काकूंचा चेहरा दिसला आणि तेच एकटे, थोडे उशिरा हसले.

वारज्याहून विश्रांतवाडीला यायला दोन बस बदलाव्या लागल्या होत्या. संपूर्ण प्रवासात भाग्यश्री फाइल छातीशी धरून बसली होती. ज्ञानदेव टेरिटोरियल आर्मीतले जवान. बोलावणं आलं की काही महिने गणवेशात, एरवी वारज्याजवळच्या कारखान्यात. चार वर्षांपूर्वी बोलावणं आलेलं असताना, सरावाच्या मैदानावर मॉर्टारचा गोळा नळीच्या तोंडाशीच फुटला. ज्ञानदेव जवळ होते. खरचटलंसुद्धा नाही, असं ते सगळ्यांना सांगत. त्यानंतरच्या तीनही वार्षिक तपासण्यांत त्यांच्या नावापुढे 'श्रवण नॉर्मल' असंच लिहिलं गेलं. मग गेल्या वर्षी कारखान्यात मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. ते थोडक्यात वाचले, नोकरी वाचली नाही. लष्कराच्या डॉक्टरांनी यंत्रावर तपासलं आणि दोन्ही कान निकामी ठरवून त्यांना घरी पाठवलं. अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मात्र नाकारलं. स्फोटानंतर तीन वर्षं कान चांगले होते, तेव्हा बहिरेपणा सेवेतला नव्हे. अपील करायचं तर सोमवार शेवटचा दिवस होता आणि आज शनिवार. घर सध्या भाग्यश्रीची आई कर्वेनगरात चार घरी लाटत असे त्या पोळ्यांवर चाललं होतं.

"काका, तुमच्या सहीच्या या जबाबात मी खोटं काही लिहिलेलं नाही," भाग्यश्री म्हणाली. "एवढंच लिहिलंय की कानाच्या तपासणीत तुम्ही दरवर्षी तीच नावं, त्याच क्रमाने घ्यायचात."

"कोण म्हणालं?"

"बाबा."

शिळीमकरांनी ज्ञानदेवांकडे पाहिलं. नजरानजर होताच ज्ञानदेवांनी पाठ ताठ केली. "उस्ताद," ते आनंदाने म्हणाले, "काहीच बदलला नाहीत!"

शिळीमकर पलटणीत नर्सिंग असिस्टंट होते. कानाची तपासणी त्यांच्याकडे असे. जवानाने भिंतीकडे तोंड करायचं, एका कानात बोट घालायचं. शिळीमकर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कुजबुजणार, जवानाने ऐकलेला शब्द मोठ्याने म्हणायचा. शब्द कुठले घ्यायचे ते कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. शिळीमकर भोरचे. एसटी ज्या रस्त्याने गावी नेते त्या रस्त्यावरची नावं ते घ्यायचे. पहिलं कात्रज, शेवटचं भोर.

भाग्यश्रीला हे आठ दिवसांपूर्वी कळलं. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तिला एक सवय लागली होती. निकाल अशक्य वाटला की आधी मोजणारा तपासायचा, मग वस्तू. तिने वडिलांसमोर बसून, तोंड नीट उघडून विचारलं होतं, "ऐकू येत नव्हतं, मग पास कसे झालात?" ज्ञानदेवांनी भिंतीकडे तोंड करून, बोट कानात घालून सगळी नावं म्हणून दाखवली होती. सगळ्या कंपनीला पाठ होती, पण गरज मला एकट्यालाच होती, असं ते म्हणाले होते. इतके खूश ते वर्षभरात कधी दिसले नव्हते. उस्तादसारख्या माणसाला मी तीन वर्षं फसवलं, असंही म्हणाले होते.

"बाळ, तू शिकलेली आहेस," शिळीमकर म्हणाले. "याचा अर्थ काय होतो तुला कळतो? मी तपासणी न करता सह्या केल्या, असा होतो. माझी चौकशी लागेल. आमचा राकेश आत्ता कुठे भरती झालाय, पहिलं पोस्टिंग आहे त्याचं. बापाचं नाव असं निघालं तर पोराने काय तोंड दाखवायचं?"

"आणि आमचं काय, काका?"

"तो ऐकायचा. मी बोलायचो, तो सांगायचा, मी लिहायचो. मला एवढंच माहीत."

"यांनी जन्मभर दुसऱ्यांचेच कान तपासले," हेमाकाकू म्हणाल्या. "घरात मी काय म्हणते ते ऐकायला यंत्र लागतं."

"तू आत जा."

काकू आत गेल्या नाहीत.

भाग्यश्रीने कप खाली ठेवला. येताना बसमध्ये तिने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"आत्ता तपासा," ती म्हणाली. "इथेच. मग नाही म्हणालात तर मी पुन्हा दार वाजवणार नाही."

"आत्ता तपासून काय? आत्ता तो बहिरा आहे हे लष्करालाही मान्य आहे."

"तरीही. शेवटचं म्हणून."

शिळीमकर गुडघ्यांवर जोर देऊन उठले. ज्ञानदेवांच्या खांद्यावर त्यांनी दोन बोटं टेकवली आणि भिंतीकडे मान हलवली. समजावून सांगावं लागलं नाही. ज्ञानदेव उठले, शोकेससमोर गेले, टाचा जुळवल्या.

"तिथे नको," भाग्यश्री म्हणाली. "काचेत दिसतं." तिने वडिलांना दंडाला धरून चार पावलं बाजूला, रंग उडालेल्या मोकळ्या भिंतीपुढे आणलं. ज्ञानदेवांनी डाव्या कानात बोट घातलं.

खोली लहान होती. शिळीमकर मागे सरकत सरकत बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये जाऊन उभे राहिले. भाग्यश्री बाल्कनीच्या दाराशी थांबली. तिथून तिला दोघंही दिसत होते: एकाची पाठ, एकाचा चेहरा.

शिळीमकरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते काहीच बोलले नाहीत. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

"कात्रज," ज्ञानदेव भिंतीला म्हणाले.

शिळीमकरांची नजर त्या पाठीवर खिळली होती. शर्ट मागून घामाने ओला झाला होता. ज्ञानदेवांनी एक श्वास घेतला आणि सोडला. दोन नावांमधल्या वेळाचं त्यांचं मोजमाप बहुधा तेच होतं.

"शिवापूर."

"ज्ञानदेव," शिळीमकर म्हणाले. ती कुजबुज होती, पण स्पष्ट. मुद्दाम मोठी केलेली, जशी तपासणीत करतात तशी. "स्फोटानंतरच्या त्या पहिल्या वर्षी माझा घसा बसला होता. आवाजच फुटत नव्हता. मी नुसता उभा होतो."

"नसरापूर," ज्ञानदेव म्हणाले.

"तरी तू भोरपर्यंत गेलास."

स्वयंपाकघराच्या दाराशी हेमाकाकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"मला तेव्हाच कळलं होतं रे. लिहिलं असतं तर तुला त्याच आठवड्यात घरी पाठवलं असतं. मला वाटलं, तुझं भलं करतोय."

"कापूरहोळ."

"पुढची दोन वर्षं मी बोललोच नाही. बोलायचं कशाला?"

ज्ञानदेवांनी श्वास घेतला. या वेळी जरा जास्त थांबले, शेवटचं नाव म्हणून असेल.

"भोर," ते म्हणाले. कानातलं बोट काढून ते स्वतःच वळले आणि हात पुन्हा पँटच्या शिवणीला लावून उभे राहिले. "पास ना, उस्ताद?"

शिळीमकर कपडे बाजूला सारत आत आले. अगदी ज्ञानदेवांच्या समोर येऊन थांबले, मिशीवरून हात फिरवून ती वर केली आणि ओठ पूर्ण उघडून म्हणाले, "पास."

ज्ञानदेव हसले. मुलीकडे वळून त्यांनी भुवया उडवल्या: बघ.

शिळीमकर सोफ्यावर बसले. बशीखालचा कागद त्यांनी ओढून काढला. त्यावर चहाचं तपकिरी कडं उमटलं होतं. त्यांनी ते अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, तसं ते आणखी पसरलं.

"हा खराब झाला," ते खाली पाहत म्हणाले. "दुसरा आहे?"

"आहे," भाग्यश्री म्हणाली. फाइलचा बंद सोडायला तिला वेळ लागला.

त्यांनी कोरडी प्रत घेतली, पण सहीच्या जागेशी आले नाहीत. आधी टाइप केलेल्या मजकुराखाली स्वतःच्या अक्षरात लिहू लागले. सावकाश, दोनदा थांबून. हेमाकाकू मागे येऊन उभ्या राहिल्या, वाकून वाचलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग शिळीमकरांनी सही केली.

"सोमवारी आधी नोटरीकडे जावं लागेल," ते भाग्यश्रीला म्हणाले. "मी येतो. सकाळीच ये."

जिना अरुंद होता. ज्ञानदेव पुढे उतरत होते. वळणावर ते थांबले आणि त्यांनी हात पुढे केला.

"बघू काय लिहिलंय. चष्मा नाही आणला, तूच वाचून दाखव."

फाइल तिच्या काखेत होती. गेलं वर्षभर तिने एक नियम पाळला होता. बाबांशी बोलायचं ते त्यांच्या समोर येऊन, उजेडाकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून. घाईत असली तरी, रागात असली तरी.

"खुशीत होता उस्ताद," ज्ञानदेव म्हणाले. "शेवटपर्यंत त्याला पत्ता लागला नाही. लिहिलंय ना त्याने तसं?"

जिन्याला एक जाळीची खिडकी होती. भाग्यश्रीने तोंड खिडकीकडे वळवलं आणि 'पहिल्याच वर्षी मला कळलं होतं' ही शिळीमकरांनी हाताने लिहिलेली ओळ, एकही शब्द न गाळता, म्हटली.

ज्ञानदेवांना फक्त तिची पाठ दिसत होती.

"हो, हो," ते म्हणाले आणि पुढे उतरू लागले.