स्कूटरच्या नावाचा नैवेद्य

तळवलीत धर्मराजच्या चार मजली इमारतीखाली त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर काढून मंडप घातला होता आणि मोठ्या पडद्यावर पिरॅमिडचं चित्र झळकत होतं. हो, पिरॅमिडच. अणुनाथ महाराज जुन्या पठडीतले नव्हेत. ते अंगारा देत नाहीत, 'रिसर्च' देतात.

"इतिहासातलं आश्चर्यकारक सत्य ऐका!" कानाला लावलेल्या माइकमधून महाराज गरजले. "तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी शुद्ध होतं, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. आता सायंटिस्ट लोकांनी प्रयोग करून मान्य केलंय. तांबं जंतू मारतं! बोला, बरोबर की नाही?"

"बरोबर!" मंडप ओरडला.

तेवढं वाक्य खरंच होतं. या मंडळींची हीच तर हातोटी. एक खरं वाक्य पुढे करायचं आणि त्याच्या आडून दहा थापा आत सोडायच्या.

पुढच्या रांगेत धर्मराजची बायको पुतळा बसली होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दोन वर्षं झाली. महाराजांनी तिच्यासमोर पातेलंभर अळणी भाताचा नैवेद्य ठेवला, प्लास्टिकच्या बाटलीतलं तीर्थ त्यावर शिंपडलं आणि झाकण कणकेने बंद केलं.

"बुधवारी उघडायचं. देवी हिच्या रक्तातलं विष ओढून घेणार. भात लाल झाला की मशीनची गरज संपली. तोवर अंगाला सुई लावायची नाही!"

मी धर्मराजचा भाडेकरू, बँकेतून निवृत्त झालेला. घरमालकाशी वाकडं नको म्हणून खुर्चीत गप्प बसून राहिलो. माझी मुलगी वैदेही मात्र उभी राहिली. ती एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्याचं काम करते.

"महाराज, तांब्याचं एवढं कौतुक केलंत. मग तुमचं तीर्थ प्लास्टिकच्या बाटलीत का?"

महाराज क्षणभर चपापले, मग हसले. "बेटी, तांबं साध्या पाण्यासाठी. हे तीर्थ चार्ज केलेलं आहे. तांब्यात ठेवलं तर शॉर्ट होईल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडपात दोन वायरमन होते, त्यांनीसुद्धा.

जाताना प्रत्येकाला तीर्थाची छोटी बाटली मिळाली. वैदेहीने एक घेतली आणि पुतळाकडे तिचा पाणी प्यायचा तांब्याचा तांब्या मागितला. "घे की पोरी," म्हणत पुतळाने लगेच दिला.

सोमवारी पुतळा इस्पितळात गेली नाही. वैदेही खाली जाऊन हात जोडून आली.

"आमी देवाला सबूद दिलाय," धर्मराज म्हणाला. "तीन दिसांचा तर परश्न हाय."

मंगळवारी पुतळाचा चेहरा सुजला, पाय सुजले. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून ती खुर्चीत बसून होती. धर्मराज काही दगड नव्हता, तिचे पाय चेपत होता. पण महाराजांनी फोनवर सांगितलं, विष बाहेर पडताना असंच होतं.

बुधवारी दुपारी पुन्हा तीच गर्दी. कणीक फोडून झाकण काढलं आणि मंडपात एकच किंकाळी उठली. भातावर लालभडक, ओले डाग! बायका हात जोडून खाली बसल्या. धर्मराज रडायला लागला. दमट हवेतला तीन दिवसांचा भात एरवी त्याने गुरांपुढेही टाकला नसता. पण नैवेद्याला शिळा म्हणायची त्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती.

"आता हाच प्रसाद माऊलीला भरवा," महाराज म्हणाले.

"थांबा!" वैदेही दोन डबे घेऊन पुढे आली. "दोन्हीत सोमवारी एकाच कुकरमधला भात घातला. दोन्हीवर महाराजांचंच तीर्थ."

तिने पहिला डबा उघडला. आत तसेच लालभडक डाग.

"हा कुणाच्या नावाने ठेवलास?" धर्मराजने विचारलं.

"बाबांच्या स्कूटरच्या."

मागून कुणीतरी फसकन हसलं. वैदेहीने दुसरा डबा उघडला. वास मारत होता, पण भात पांढरा. "यातलं तीर्थ आधी दिवसभर काकींच्या तांब्यात ठेवलं होतं. महाराज, शॉर्ट झालं का?"

"अश्रद्ध माणसाच्या हाताने नैवेद्य ठेवला की देवी कोपते..."

"वाईच थांबा, महाराज." धर्मराजने डोळे पुसले. "स्कूटरला रगत कुठून आलं?"

यावर रिसर्च झालेला नसावा. महाराज तडक गाडीकडे निघाले. कानाचा माइक काढायचा राहिला, त्यामुळे "गाडी काढ रे, गाडी काढ!" हे त्यांचं शेवटचं प्रवचन सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"हे रक्त नाही," वैदेहीने सांगितलं. "हा लाल रंग तयार करणारा जंतू आहे. ओल्या भातावर झपाट्याने वाढतो. तीर्थात तोच होता. दुधाला विरजण लावतो तसं लाल भाताचं एक शीत गोड पाण्यात टाकायचं, की पुढची बाटली तयार. दोनशे वर्षांपूर्वी इटलीत एका शेतकऱ्याच्या घरी मक्याची लापशी अशीच लाल झाली होती. लोक घाबरले. तेव्हा एका औषधं बनवणाऱ्याने ताज्या लापशीवर तेच डाग स्वतः वाढवून दाखवले. आणि हाच जंतू अशक्त पेशंटच्या रक्तात शिरला तर जीव घेऊ शकतो. तो तुम्ही काकींना भरवणार होता."

धर्मराजने पातेलं लाथेने उडवलं आणि बायकोला उचलून रिक्षात बसवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हृदय बंद पडलं असतं.

संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो. मशीन चालू होतं. पुतळा हळू आवाजात म्हणाली, "पोरी, तो खोटा निंगला ते बरंच झालं. पन मना वाटलं व्हतं, सुटले यातून."

वैदेहीने तिचा हात धरून ठेवला. मला मात्र तिथे खराखुरा संताप आला. दोन वर्षं सुया सोसणाऱ्या बाईची आशा त्या माणसाने कुजक्या भातावर वाढवली होती.

देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण उपचार थांबवा असं कुणी म्हणालं, की त्याला एवढंच सांगा: हेच दुसऱ्या कुणाच्या नावाने करून दाखव. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पदवी लागत नाही. मला तर त्या रविवारी फक्त खुर्चीतून उठायचं होतं, तेही जमलं नाही.