कोटाला भुललेले मास्तर

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. एवढं भारदस्त नाव कोण घेतंय! सगळे मला बीपीचं मशीनच म्हणतात. एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि औषधांच्या दुकानातून मी एका शिंप्याच्या घरी आलो. सगळे त्यांना मास्तर म्हणत; ते एकटेच राहत. रोज सकाळी माझा पट्टा दंडाला गुंडाळत, बटण दाबत, आकडा बघत आणि गोळी घेत. "गुणाचा आहेस, खोटं बोलत नाहीस," म्हणत. एकदा पट्टा उसवला, तर स्वतःच्या हाताने शिवला, इतका बारीक की टाका मलाच सापडेना. त्यांचा हात धरणारं माझ्याशिवाय होतं तरी कोण?

मग मोबाइलवरच्या एका व्हिडिओत डॉक्टरांसारखा पांढरा कोट घातलेला तो कोटवाला आला. "गोळ्या फेका, माझं चूर्ण घ्या, बीपी मुळापासून जाईल!" मास्तरांनी जन्मभर डॉक्टरांचे कोट शिवलेले. भेटायला आलेल्या धाकट्या बहिणीला त्यांनी तो व्हिडिओ कौतुकाने दाखवला.

"दादा, हा कोण, कुठे शिकला, काही सांगतो का? आपल्या डॉक्टरांना तरी विचार."

"अगं, कोटाचा खांदा बघ! एक सुरकुती नाही. असा कोट कुणी उगाच घालतं का?"

गोळ्या बंद झाल्या. माझीही रवानगी कपाटात, चिंध्यांखाली. "आता तुझं काय काम?" म्हणाले. फार लागलं मला ते. बाहेर शिलाई मशीनची खडखड चालायची आणि मी अंधारात एकटा. बीपी वाढत असणार, असा घोर लागलेला. पण दंडाला बांधल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

एक दिवस खडखड मध्येच थांबली. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने मास्तरांना दवाखान्यात नेलं. बीपी वाढून पक्षाघात झाला होता; जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. घरी आल्यावर ते बहिणीला म्हणाले, "ज्या डॉक्टरीणबाईंनी मला वाचवलं ना, त्यांचा कोट अगदीच ढगळ होता गं." आणि ढसाढसा रडले.

आता रोज सकाळी कामावर जाताना बहीण येते, मला त्यांच्या दंडाला बांधते, गोळी देते आणि निघते. मग घरात आम्ही दोघंच.

मित्रांनो, मोबाइलवर कुणी औषध सांगितलं, तर त्याचा कोट बघू नका. तो कोण आहे, कशाच्या आधारावर बोलतोय, शेवटी काही विकतोय का, ते बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका.

माझा पट्टा पुन्हा उसवलाय. मास्तर डाव्या हाताने ती शिवण चाचपतात आणि मला गुपचूप बाजूला ठेवतात.