भट्टीपुढचं नाक

तापातून उठल्यापासून बेकरीवाल्याला वास येईनासा झाला. ही गोष्ट त्याच्याखेरीज सगळ्यांच्या लक्षात आली होती.

अडचण अशी, की वीस वर्षं तो पाव वासावर भाजत आला होता. भट्टीचं दार किलकिलं करायचं, डोळे मिटून श्वास ओढायचा आणि निकाल द्यायचा. हे बघायला गिऱ्हाइकं थांबत. अजूनही तो दार तसंच उघडे, डोळे तसेच मिटे. फक्त पाव काळे निघत.

"दादा, पाव करपताहेत," काउंटर सांभाळणारी धाकटी बहीण म्हणाली.

"करपत नाहीत, खरपूस होताहेत. लोकांना हल्ली असेच आवडतात."

"लोक परत आणून देताहेत."

"सवय व्हायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी दोष पिठाचा निघाला. तिसऱ्या दिवशी पोती आणणाऱ्या टेम्पोवाल्यावर तो अर्धा तास ओरडला. बिचाऱ्याने टेम्पो जरा आडवा लावला होता, एवढंच. चौथ्या दिवशी मूळ रोगच सापडला.

"अगं, वास तुलाच येत नाही. डॉक्टरला दाखव. लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

बहिणीचा नवरा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा आणि दुपारचा चहा बेकरीत घ्यायचा. त्याचा चेहरा उजळला.

"आधी नकार," तो बायकोच्या कानाशी लागला. "मग सबबी, म्हणजे युक्तिकरण. टेम्पोवाला हे विस्थापन. आणि आज प्रक्षेपण, आपलं वैगुण्य दुसऱ्याच्या गळ्यात! मनाचे चार बचाव चार दिवसांत. मला हे शिकवायला अख्खं सत्र लागतं."

"आणि उपाय?"

"तो पुढच्या वर्षाच्या पेपरात आहे."

बहिणीला पुढच्या वर्षापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. गुरुवारी इस्पितळाचा भांडारप्रमुख पाव चाखायला येणार होता. पसंत पडले तर रोज दोनशे जाणार होते. तिने दादाला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "त्या दिवशी करपले, तर भट्टी मी घेणार. तू काउंटरवर बस." काउंटरवर बसून सुटे पैसे मोजणं म्हणजे दादाच्या लेखी जिवंतपणी फोटोला हार घालून घेणं.

बुधवारी दुपारी त्याने रोजच्या रिवाजाप्रमाणे फळीवरून आंबवणाची बरणी काढली, झाकण उघडलं, नाक खुपसलं.

"वा! काय फुललंय! उद्या बघशीलच."

"दादा, ती लेबलं चिकटवायची खळ आहे."

प्राध्यापकाने कप खाली ठेवला.

"माहीत आहे मला," दादा म्हणाला. "तुझं लक्ष आहे का, ते बघत होतो."

पण बरणी त्याच्या हातातून सुटेना. त्याने पुन्हा हुंगलं, मग आणखी जोरात, नाकाच्या शेंड्याला खळ लागेपर्यंत.

"कधीपासून?" बहिणीने विचारलं.

"तापापासून." आवाज इतका बारीक, की प्राध्यापकाला टिपून घेता आला नाही. "गल्लीत बोलू नकोस."

"गल्लीनेच मला सांगितलंय."

तिने पदराने त्याचं नाक पुसलं आणि खरी बरणी काढून दिली.

गुरुवारी भांडारप्रमुख आला. दादाने दार किलकिलं केलं, डोळे मिटले. बहीण त्याच्या कोपराला कोपर लावून उभी होती.

"अजून कच्चट आहे," ती पुटपुटली.

"अजून कच्चट आहे," दादाने जाहीर केलं.

थोड्या वेळाने पुन्हा दार उघडलं.

"आता कडेने खमंग."

"आता कडेने खमंग! काढा!"

पाव तांबूस सोनेरी निघाले. भांडारप्रमुखाने एक मोडून खाल्ला, दुसराही उचलला. "उद्यापासून पाठवा. काय नाक आहे हो तुमचं! आणि या बाई कोण?"

"धाकटी बहीण. शिकतेय," दादा न अडखळता म्हणाला. "वास कळतो तिला थोडाफार, पण अजून तयार व्हायचीय."

प्राध्यापकाने तोंड उघडलं. या बचावालाही एक नाव होतं आणि ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायकोने त्याच्या तोंडात गरम पाव कोंबला.

"शिकतेय ना मी?" ती दादाकडे वळून म्हणाली. "मग शिकणारीला भट्टीपुढे उभं राहायला जागा नको? सरक जरा."

दादाने भांडारप्रमुखाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि दोन वीत सरकला.