रिकाम्या तळ्यातलं बदक

"बोग्ना, उतर खाली! केक टेबलावर आहे, भिंतीवर नाही," गेनोवेफामावशी ओरडली.

मावशीचा नामदिन होता, म्हणजे तिच्या नावाच्या संताचा सण. टेबलावर खसखशीचा केक, आणि भाची खुर्चीवर चढलेली. पोलंडमधल्या पोझनानच्या संग्रहालयातून युद्धात जर्मनांनी नेलेली चित्रं शोधणं, हे बोग्नाचं काम. कुणाकडेही गेली की भिंतीवरचं चित्र उलटून पाठ बघायची, खोडच ती. मावशीचं तेवढं कधी उलटवलं नव्हतं. त्यात बदकं होती ना! ती वर्षानुवर्षं शोधत होती त्या हरवलेल्या चित्रातलं तळं तर रिकामं होतं. आज खिळा निसटला म्हणून ती चढली, तर पाठीवर संग्रहालयाचा लाल शिक्का! काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईने त्या तळ्यासाठी अर्धा युरोप पालथा घातला होता.

"मावशी, ही बदकं कुणी काढली गं?"

"बाबांनी. रंगारी होते ना ते. युद्ध संपलं तेव्हा हे एका पडक्या घरात सापडलं, ते आणून फुटक्या खिडकीला लावलं. तळ्यात कुणीच नाही म्हणून मी रडायचे. मग रोज एक बदक." बोग्नाने शिक्का दाखवला तसा मावशीचा चेहरा उतरला. "म्हणजे बाबा चोर?"

"छे गं! त्यांनी जपलं म्हणून तर उरलं."

"मग घेऊन जा. ज्याचं त्याला. पण बदकं?"

बोग्नाला खोटं बोलवेना. "पुसतील."

"पुसणारच. मोठ्या चित्रकाराच्या तळ्यात रंगाऱ्याची बदकं कोण ठेवून घेईल!" मावशी हसली खरी, पण डोळे भरलेच. "खा, केक खा."

 दुसऱ्या दिवसापासून बोग्ना संग्रहालयात जुनी चित्रं साफ करणाऱ्या लुत्स्यानच्या मागे हात धुऊन लागली. साफसफाई करताना हे लोक जुन्याची खूण म्हणून एक तुकडा न पुसता सोडतात. त्याला साक्षीदार म्हणतात.

"अगं, साक्षीदार नखाएवढा असतो," लुत्स्यान कुरकुरला.

"बदकाएवढा ठेव की! तुझ्या बापाचं काय जातंय?"

संग्रहालयात चित्र टांगलं त्या दिवशी मावशी ठेवणीतली टोपी घालून आली. तळं लखलखीत, रिकामं. फक्त डाव्या कोपऱ्यात, मळकट चौकोनात, एक वाकड्या मानेचं बदक. मावशी बघता बघता अगदी जवळ गेली.

"आजी, जरा मागे व्हा," रखवालदार म्हणाला. "चित्रकार नात्यातला वाटतं?"

"चित्रकार कोण, देव जाणे," मावशी म्हणाली. "बदक माझ्या बाबांचं आहे."

आणि टोपी सारखी करून ती एक पाऊल मागे सरकली.