मुंग्यांमधली होडी

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या हरिश्चंद्रने स्क्रूड्रायव्हर खिशातून काढलाच नाही. टीव्हीसमोर मांडी घालून तो बसला, व्हिडिओ गेमची वायर मागे खोचली आणि चॅनेल लावायचं बटण हलक्या बोटाने फिरवू लागला. पडद्यावर निळं पाणी आलं, पाण्यात खडक आले आणि खडकांमधून एक पांढरी होडी निघाली. सगळं मुकं.

"हेच बघ," खुर्शीद म्हणाली. "चित्र येतं, आवाज नाही. परवा नझीर येतोय. त्याच्या आधी एवढं करून दे."

नझीर तिचा धाकटा भाऊ, दोह्याला नोकरीला. गेम त्यानेच दोन वर्षांपूर्वी अब्बांसाठी आणला होता. जन्मभर होडीवर तांडेल म्हणून सुकाणू धरून उभा राहिलेला माणूस घरात बसून करील तरी काय, म्हणून. आता अब्बा गेले होते आणि तो त्यांच्या चाळिसाव्याला येत होता. शेवटी कसे होते, हे तो आल्याआल्या विचारणार, आणि खुर्शीदचं उत्तर तयार होतं. डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं रे. तासन्‌तास मुंग्यांच्या पडद्यापुढे बसायचे.

त्यात खोटं काही नव्हतं. पावसाळा सरता सरता एका दुपारी ती शाळेत शिकवून आली, तर पडद्यावर चित्र नव्हतं, नुसत्या मुंग्या वळवळत होत्या आणि अब्बा गेमची दांडी हातात धरून, मान एका बाजूला कलती करून बसले होते.

"काय बघताय अब्बा?"

"होडी चालवतोय."

त्या दिवशी ती हसली. आठवड्याभराने तिने नझीरला पत्र लिहिलं. दिवाळीच्या सुट्टीत सुतार बोलावून समुद्राकडच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. अब्बा रोज त्याच दाराने निघून मांडवीच्या धक्क्यावर जाऊन बसत. भ्रमात पाण्यात उतरले तर? पुढच्या दारावर शेजारच्या रझियाची नजर असे. कडी बसली त्या दिवशी अब्बांनी दार दोनदा ढकललं, मग फळीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. का म्हणून विचारलं नाही.

घरी आली की ती आधी बटण फिरवून चित्र लावून द्यायची.

"आता दिसतंय ना नीट?"

"दिसतंय की. छान दिसतंय."

आणि होडी पहिल्याच खडकावर फुटायची. अब्बा दांडी मांडीवर ठेवून द्यायचे. तिला तेव्हा वाटायचं, बघा, एवढंही जमत नाही आता.

हरिश्चंद्रचं बोट बटणाच्या कडेवर थांबलं होतं.

"इथला दोरा कुठे गेला गो?"

"कसला दोरा?"

"बटणाला बांधलेला. जाळ्याचा, गाठ मारलेला."

दोरा तिला आठवला. धूळ पुसताना तिने तो शिवणाच्या कात्रीने कापून टाकला होता. चार दिवसांनी पुन्हा तिथेच दिसला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजातच म्हणाली होती, "अब्बा, आता टीव्हीला जाळी विणू नका." अब्बा हसले होते. "बरं," म्हणाले होते.

"मी काढला," ती म्हणाली.

हरिश्चंद्रने तिच्याकडे पाहिलं नाही. "हा गेम बाहेरच्या मुलखातला. आपल्या टीव्हीवर त्याचं चित्र एका जागी लागतं नि आवाज दुसऱ्या. दोन्ही एकदम नाय येत. आता बघ." त्याने बटण किंचित पुढे सरकवलं. पाणी फाटलं, खडक विरघळले, मुंग्या आल्या. आणि त्या खरखरीतून एक आवाज वर आला. टुक. टुक. टुक. मग जाड, टोक, टोक, घाईघाईने, आणि धाड.

"होडी गेली," हरिश्चंद्र म्हणाला. "खडक उजवीकडे आला की जाड वाजतं, डावीकडे आला की बारीक. जवळ आला की घाई करतं. तांडेलांनीच दाखवलं मला. दुपारी यायचो ना मी, तू शाळेत असायचीस. मी डोळे फाडून बघायचो नि बुडायचो. ते म्हणायचे, मेल्या, बघतोस कशाला, ऐक. आणि स्वतः..." तो थांबला.

"स्वतः काय?"

"तुला ठाऊक नाय?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"गणपतीच्या आधीपासून त्यांना उजेड नि काळोख, एवढंच कळायचं गो. गाठ बोटाला लागली की आवाजाची जागा सापडायची, म्हणून तो दोरा."

"तू मला सांगितलं नाहीस."

"शपथ घातलेली. पोरीला कळलं तर मांडवीवर जाऊ द्यायची नाय, म्हणाले. धक्क्यापर्यंतची वाट माझ्या पायांना पाठ आहे, म्हणाले." हरिश्चंद्रने गुडघे चोळले. "वाटेत माझ्या दुकानाशी थांबायचे. दिवाळीच्या कामात माझं इथलं येणं राहिलं, नि मग तेही एकदम यायचेच बंद झाले. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. येऊन बघायला हवं होतं मी."

पडद्यावर मुंग्या वळवळत होत्या. नवी होडी निघाली होती. टुक, टुक.

दोघंही त्या आवाजाकडे कान देऊन बसली. होडी पुन्हा फुटली तसा हरिश्चंद्र हलला. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गेम उलटा करायला हात घातला.

"आत एक स्क्रू असतो. जमलं तर चित्र नि आवाज एका जागी आणतो. नझीरला बरं वाटेल."

"राहू दे ते."

खुर्शीदने हात पुढे केला. त्याला कळेना, पण त्याने स्क्रूड्रायव्हर दिला. ती उठून समुद्राकडच्या दाराबाहेर गेली. कडीचे स्क्रू खाऱ्या हवेने आताच गंजू लागले होते. पहिला निघताना हाताला रग लागली. हरिश्चंद्र उंबऱ्यापर्यंत आला, कडीकडे पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. मी काढतो, असं तो म्हणाला नाही.

कडी हातात आली. फळीवर चार भोकं राहिली, ताज्या लाकडाच्या रंगाची.

"भोकांत लांबी भरून देतो," तो हळूच म्हणाला. "कळायचंही नाय."

"नको," खुर्शीद म्हणाली. "नझीर विचारील तेव्हा दिसायला हवीत."