बोट म्हणजे आचळ नव्हे

मी धुळा बोलतोय. नाव माणसाचं असलं तरी मी बोका आहे, अंगावर पट्टे आणि तोंडात सुयांसारखे दात! या दातांपायी माझं घर जाता जाता कसं राहिलं, ते ऐका तर खरं!

विट्याजवळच्या माळावर, नानासोंच्या कडब्याच्या गंजीत माझा जन्म झाला. आई एके दिवशी गेली ती परत आलीच नाही. नानासो जन्माचे मेंढपाळ. त्यांनी मला उचललं आणि पोरक्या कोकराला पाजतात तसं पाजलं. शेळीच्या दुधात बोट बुडवायचं आणि माझ्या तोंडात द्यायचं. मी चोखायचो. दात आले तसा चावायलाही लागलो. चावलो की नानासो हसायचे, "भूक लागली व्हय रं?" आणि पुन्हा दूध! मग मी कशाला थांबतोय? बोट दिसलं की मला दूधच दिसायचं.

आणि माणसांची बोटं स्वस्थ बसतात तरी कुठं! लसूण सोलताना हलतात, मोबाईलवर सरकतात, काही काम नसलं की गुडघ्यावर ताल धरतात. हललं की माझी झेप ठरलेली! नानासोंची बायको सुलाबाई हात झटकून ओरडायची. मला वाटायचं, वा, खेळ रंगला!

अशात त्यांची लेक सोनिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या मी तिच्या अंगठ्यातून रक्त काढलं. झालं, सुलाबाईचा पारा चढला.

"आवं, घरात तान्हं येणार हाय. त्येच्या बोटाला ह्यो चावला तर? बाळ घरी यायच्या आत सुधारला तर ऱ्हाईल, न्हाईतर विट्याच्या गोदामात उंदरांवर सोडून या."

नानासोंचा घास हातातच राहिला. गोदाम म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण त्या रात्री त्यांनी मला मांडीवरून खाली उतरवलंच नाही. मी पार घाबरलो.

दुसऱ्या दिवशी नानासो मला बोटानं पाजत असताना सोनिया बघतच राहिली.

"आवं आबा, ह्याला कोकरागत वाढवलंसा! कोकरू मोठं झालं की पाल्याला लागतंय. ह्याला दात आलं तरी तुमचं बोट तोंडातच. बोटालाच आचळ समजतोय त्यो!"

त्या दिवसापासून घराचा कायदाच बदलला. दूध फक्त वाटीत. हाताशी खेळणं बंद. मी चावलो तर मारायचं नाही, ओरडायचं नाही, हात ओढायचाही नाही. ओढलेला हात मला पळता उंदीर वाटतो ना! हात जागच्या जागी थांबवायचा, "न्हाई" म्हणायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. इतका कंटाळवाणा खेळ मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता!

पण मग सोनियानं लोकरीचा गुंडा करून दोरीनं नानासोंच्या काठीला बांधला. अहाहा! चावा, ओरबाडा, लाथा घाला, कुणी काही म्हणेना! शेजारचे कोंडीबा हसत सुटले. "नाना, मेंढरं राखायची काठी आन् मांजराम्होरं नाचवतायसा?"

"हस गड्या. एकच मेंढरू हाय, पर लय अवघड हाय," नानासो म्हणाले.

खरं सांगू? वर्गात सगळ्यात कच्चे नानासोच होते. सवयीनं त्यांचं बोट पुढं यायचंच. सोनियानं डोळे वटारले की हात धोतराच्या सोग्यात लपवायचे.

पुढं सोनिया दवाखान्यात गेली, मुलगी झाली, आणि माय-लेक उद्या घरी येणार असं ठरलं. सुलाबाईनं मला समोर घेतलं. बोट दुधात बुडवून माझ्या नाकापुढं हलवलं. नानासो दारातच उभे.

देवा, तो वास! माझं तोंड उघडलं. मिटलं. मी गर्रकन वळलो आणि काठीच्या गुंड्याला कडकडून चावलो!

"ऱ्हाऊ द्या त्येला," सुलाबाई म्हणाली.

नानासोंनी मला उचलून छातीशी धरलं. त्यांचं काळीज माझ्याहून जोरात उडत होतं.

आता मी चांगला दांडगा बोका झालोय. परवा सोनिया लेकीला घेऊन पुन्हा माहेरी आली. प्रांजल रांगते, तिला दोन दात आलेत. तिनं माझा कान धरला, तोंडात घातला आणि चावली की हो! सगळे जागच्या जागी थिजले. मी मात्र ओरडलो नाही, हिसका दिला नाही. गप्प थांबलो. कान सुटताच पाठ फिरवून निघून गेलो आणि लोकरीचा गुंडा काठीसकट ओढत आणून तिच्यापुढं ठेवला.

सोनियानं टाळ्याच वाजवल्या! एवढ्यात नानासो पुढं आले, प्रांजलच्या तोंडात आपलं बोट दिलं आणि लाडानं म्हणाले, "भूक लागली व्हय गं माझ्या नातीला?"

घ्या! पोरीला मी शिकवीन हो, पण ह्यांना कुणीतरी आवरा!