शेंग्याचं पान

“कुत्र्याच्या ताटलीभोवती पाणी फिरवायला नव्हती लावली माझी मुंज,” यज्ञेश्वरराव पुटपुटले, आणि फिरवलं.

मी कढीपत्ता मागायला त्यांच्या दारात उभी होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत समोरासमोरच्या दारांत चार पावलांचं अंतर आहे, त्यामुळे पुटपुटणं खासगी राहत नाही. यज्ञेश्वरराव शाळेत हेडक्लार्क होते. पानाभोवती पाणी फिरवायचं, चार शितं बाजूला ठेवायची, मगच पहिला घास, हा त्यांचा जन्माचा नेम. आता त्यांच्या पाटाशेजारी एक जर्मनची ताटली होती आणि तिच्यापुढे शेंगेच्या टरफलाच्या रंगाचं दोन महिन्यांचं पिल्लू. नाव शेंग्या.

“बस म्हणा,” देवयानीवहिनी भिंतीला टेकून शिकवत होत्या. “घाई नको. आधी तुम्ही घास घ्या की. हां. आता त्याला घे म्हणा.”

पिल्लू आणलं होतं बजाबाईनं, मंद्रूपहून, बाजाराच्या पिशवीतून. ती त्यांच्याकडे धुणंभांडी करते. वहिनींनी तिला सांगितलं होतं, पिल्लू याच महिन्यात हवं. घाई कसली, हे तिनं विचारलं नाही. वहिनींच्या दुखण्याला आम्ही सगळेच ‘पोटाचं’ म्हणत होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव फाईलमध्ये राहिलं आणि फाईल कपाटात. दिवाळीनंतर औषधं थांबली, तेव्हा बरं वाटतंय म्हणून थांबवली, असं सांगायचं ठरलं. कुणी ठरवलं कोण जाणे.

गुरांच्या डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं होतं की, पिल्लू पहिल्या तीन-चार महिन्यांत जे बघतं, ऐकतं, त्याला ते पुढं भीत नाही. वहिनींनी ते परीक्षेच्या वेळापत्रकासारखं मनावर घेतलं. शेंग्याला मांडीवर घेऊन रिक्षातून हिंडवलं. कुकरची शिट्टी झाली की यज्ञेश्वररावांच्या हातून पोळीचा तुकडा. बजाबाईला तर मुद्दाम भांडी आपटायला सांगितली.

“जल्मात पयल्यांदा कुनी आपट म्हनलं बगा,” बजाबाई म्हणाली, आणि मनापासून आपटली.

एका रविवारी वहिनींनी आम्हा बारा-तेरा जणींना एकदम बोलावलं. हळदीकुंकू नाही, कुणाचा वाढदिवस नाही. पोहे दिले, आणि ते संपल्यावर म्हणाल्या, “आता सगळ्यांनी जरा गप्प बसा. घर एकदम माणसांनी भरलं आणि कुणी बोलेनाच, तर तो बावचळू नये.”

आम्ही बसलो. शेंग्या दारातला चपलांचा ढीग हुंगून आला, एकीच्या पदरावर डोकं टेकून झोपला. कसली गर्दी, ते प्रत्येकीला कळलं होतं. बजाबाई उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला गेली.

स्वतः मात्र वहिनी त्याला कधी घास देत नसत. माझ्या हातची सवय नको, म्हणत. दुपारी तो त्यांच्या कुशीत शिरला तर उचलून यज्ञेश्वररावांच्या खुर्चीपाशी नेऊन ठेवत. उचलायला लागायला हवा त्याहून जास्त वेळ लागायचा, एवढंच.

गेल्या आठवड्यात पोटात पाणी झालं म्हणून त्यांना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. सोबतीला त्यांची बहीण दुर्गा राहिली आणि यज्ञेश्वररावांना घरी पाठवलं. वहिनी घरात नसल्या की हा माणूस चहावर राहतो. वहिनी पूर्वी माहेरी जायच्या तेव्हासुद्धा आठवड्यात पँट पट्ट्यात गोळा व्हायची. मी दिलेला डबा संध्याकाळी तसाच परत आला. भूक नाही, म्हणाले.

शेंग्याही खाईना. बजाबाईनं दुधात भाकरी कुस्करून दिली, नुसतं ‘घे’ म्हणून पाहिलं, शेवटी ताटलीभोवती पाणीसुद्धा फिरवलं. तो ताटलीसमोर शहाण्यासारखा बसला आणि रिकाम्या पाटाकडे बघत राहिला. लाळ गळत होती, पण तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून सोडल्यावर वहिनी माझा हात धरून जिना चढल्या. प्रत्येक वळणावर थांबत होत्या. यज्ञेश्वरराव पिल्लाला टॉवेलात गुंडाळून दारातच उभे.

“याला डॉक्टरकडे नेतो. कालपासून अन्नाला शिवला नाही.”

“आणि तुम्ही?”

ते टॉवेल नीट करत राहिले.

“पान घ्या,” वहिनी म्हणाल्या आणि चप्पल न काढताच भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी दहीभात वाढला, ताटात आणि ताटलीत. यज्ञेश्वरराव पाटावर बसले. आपल्या पानाभोवती पाणी फिरवलं, मग ताटलीभोवती. शेंग्या बसलेलाच होता, तरी त्याला बस म्हणाले. घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाले, “घे.”

ताटली फरशीवरून घसरत भिंतीपर्यंत गेली, इतक्या घाईनं तो खात होता. भिंतीशी ती वाजत राहिली. यज्ञेश्वररावांचा हात भातातच थांबला. त्यांनी पाटाकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. मोरीत बजाबाईनं नळ बंद केला.

“तू गेलीस की,” ते शेंग्याकडे बघतच म्हणाले, “याला दिवसातून किती वेळा द्यायचं?”

वहिनींनी पदरानं ओठ पुसले.

“आत्ता चारदा. मोठा झाला की दोनदा,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबरोबर.”